फ्रीक्स अँड गीक्स बंद का पडली

फ्रीक्स अँड गीक्स ही शाळकरी पोरांवरची अमेरिकन सिरियल फार संथ होती म्हणून बंद पडली असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. १९९९ ला एनबीसी या चॅनेलने ती लावली शनिवारी रात्री ८ ला, म्हणजे जी पोरं बघणार तीच त्या वेळी घराबाहेर, मग मधेच गॅप, मग वार बदलला, आणि १८ पैकी १२ एपिसोड दाखवून गाशा गुंडाळला. बघणारा बघणार तरी कधी?

आणि संथ म्हणाल तर तीच तर मजा आहे ना. तो बिल, जाड चष्मेवाला, शाळेतून रिकाम्या घरी येतो, स्वतःच चीज सँडविच भाजतो, आणि टीव्हीसमोर बसून कॉमेडियन गॅरी शँडलिंगचे जोक ऐकत तोंडात घास असतानाच खो खो हसत सुटतो. एक डायलॉग नाही. एकटं पोरगं, पण त्याची कीव करा असं सिरियल एकदाही म्हणत नाही, हे तो भाग दिग्दर्शित करणाऱ्या जड अ‍ॅपटोलाच जमू जाणे.

नायिका लिंडसे आणि तिचा मित्र निक यांचं प्रेमप्रकरण मला जरा लांबवल्यासारखं वाटलं, असो. पण शेवटच्या भागात तो टगा डॅनियल गीक, म्हणजे बावळट समजल्या जाणाऱ्या पोरांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ खेळायला बसतो, त्यात बुटका कार्लोस होतो आणि चक्क रमतो, तो सीन चुकवू नका.

बाकी गाण्यांचे हक्क मिळवता मिळवता डीव्हीडी यायला २००४ उजाडलं. बघायचीच तर मूळ गाणी असलेलीच बघा, त्यांच्याशिवाय अर्धा जीवच जातो.