प्रतिसाद: मिलिगनच्या युद्ध-आठवणी

ब्रिटिश विनोदकार स्पाइक मिलिगनच्या दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी म्हणजे नुसता पांचटपणा, युद्ध त्यात कुठेच नाही, असं वर कुणीतरी म्हटलंय; ते मत पहिल्या भागापुरतं एक वेळ चालेल. (१९७१चं हे पुस्तक मलाही मधेमधे ताणलेलं वाटलं.) पण इटलीवरचा चौथा भाग वाचा. जानेवारी १९४४मध्ये तिथल्या कॅसिनो गावाच्या आघाडीवर उखळी तोफगोळ्याने तो जखमी झाला, मनानेही कोलमडला. वर त्याची लान्स बॉम्बार्डियरची (तोफखान्यातला एक छोटा हुद्दा) पट्टी काढून पुन्हा साधा गनर, म्हणजे तोफखान्यातला शिपाई, केला! तिथे विनोद चालू राहतो, पण हसताना घशात काहीतरी अडकतं.

आणि हो, गडी जन्माने आपल्या नगरचा, १९१८चा. वडील ब्रिटिश फौजेत, बालपणाचा बराच काळ पुण्यात. छावणीतलं जगणं त्याला लहानपणापासून पाठ होतं.