उपज शिकवता येते का?

'उपज (गाताना जागच्या जागी नवं सुचणं) अंगात असावी लागते, शिबिरात शिकवता येत नाही' हे मत मला अर्धंच पटतं. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही आठ हौशी गाणारे होतो, साथीला मुरलेले तबलजी आणि पेटीवाले. यमन रागाची मध्यलय तीनतालातली, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातली बंदिश. अट एकच: प्रत्येकानं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी भरायची, तेही फक्त नि, रे, ग, सा एवढ्यावर, आणि मुखडा (बंदिशीच्या ओळीची समेकडे नेणारी सुरुवात; सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) पकडायचा. सूर चारच असल्यानं 'काय गाऊ' हा घोळच संपला. उरला तो मात्रांचा हिशोब.

मी बोटांवर मात्रा मोजत होतो. तबलजी म्हणाले, "मोजू नका, डग्गा ऐका." डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा. खालीनंतर (खाली म्हणजे नववी मात्रा), दहाव्या मात्रेपासून, त्याचा घुमारा जातो आणि चौदाव्याला परततो. त्यावर कान ठेवला आणि मुखडा आपसूक सापडू लागला. (पहिल्या दिवशी मात्र सम तीनदा हुकली. पेटीवाले गालात हसत होते.)

मग तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा गाऊन समेवर येणं: 'निरेगरेसा' तीनदा, एका मात्रेला एक सूर, मध्ये एकेक मात्रा रिकामी. एकूण 17 मात्रा, म्हणजे समेवर उचललं की शेवटचा सा पुढच्या समेवर. घरी तानपुऱ्याच्या अ‍ॅपसोबत हे बसलंच नसतं.