मदत हवी आहे: जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा कोड वापरला तर आपला कोडही खुला करावा लागतो का?

नमस्कार मंडळी. ओपन सोर्स आणि प्रोप्रायटरी यातला ढोबळ फरक कळतो. एकात सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ कोड) बघता, बदलता, पुढे वाटता येतो. दुसऱ्यात तयार प्रोग्राम आणि तो वापरायची परवानगी मिळते, बस्स. फुकट असण्याशी याचा संबंध नाही, हेही ठाऊक आहे. फुकट पण बंद सॉफ्टवेअर काय, ढिगानं आहेत.

गाडं अडतंय लायसन्सपाशी. एमआयटी नावाच्या लायसन्सचा कोड आपल्या बंद प्रॉडक्टमध्ये घेता येतो, फक्त कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. जीपीएलचा कोड मिसळून प्रोग्राम वाटला, तर मात्र अख्ख्या प्रोग्रामचा सोर्स त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. मग लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचं काय? त्याचं कर्नल, म्हणजे गाभा, जीपीएलच्या दुसऱ्या, म्हणजे १९९१ सालच्या आवृत्तीखाली आहे, तरी त्यावर बंद सॉफ्टवेअर बिनदिक्कत चालतं. कर्नलला सिस्टम कॉल करणं (प्रोग्रामनं त्याच्याकडे काम मागणं) आणि लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आपल्या प्रोग्रामला लिंक करणं, यात रेघ नेमकी कुठे ओढतात?

दुसरं, प्रोग्राम कुणाला न देता नुसता आपल्या सर्व्हरवर चालवला तर? एजीपीएल हे जीपीएलचं भावंड लायसन्स त्याचसाठी आलं ना? म्हणजे साध्या जीपीएलमध्ये तेवढी पळवाट आहेच, असं धरायचं का?

‘वकिलाला विचारा’ सोडून काहीही सांगा. प्रत्यक्ष असं प्रॉडक्ट बाजारात आणलेल्यांनी लिहिलं तर फारच उत्तम.