व्हायोलिनचा स्क्रोल (मानेच्या टोकाचं वेटोळं) हाताने कोरायचा आहे, पटाश्या कोणत्या घ्याव्यात? (बजेट ३०००)

अमळनेरचा_हौशी
घरच्या जुन्या व्हायोलिनची मान पेगबॉक्सपाशीच (खुंट्या बसतात त्या खोबणीपाशी) तुटली. नवी मान स्वतः करणार आहे. करवत, रंधा, पत्र्याचा साचा तयार आहे. गोल पटाश्या कोणत्या मापाच्या घेऊ? वाड्याच्या चौकटीचा जुना साग पडून आहे, तो चालेल का? ३००० च्या आत सांगा. आणि कृपया 'रेडिमेड घ्या' म्हणू नका.

धुळेकर७१
रेडिमेड मान मिळते की. कशाला डोकेफोड?

रंधा_आणि_पटाशी
फाईल (Pfeil) कंपनीच्या स्विस पटाश्या घ्या, दुसरं काही बघूच नका. पाच-सहा नग लागतील. महाग आहेत, पण पुढची पिढीही वापरेल.

अमळनेरचा_हौशी
साहेब, बजेट शीर्षकातच लिहिलंय.

रंधा_आणि_पटाशी
मग एकेक करून घ्या.

चोपडा_एक्सप्रेस
ऑनलाइनचा बारा नगांचा स्वस्त सेट चुकूनही घेऊ नका. माझ्या सेटची धार पहिल्याच दिवशी वळली. परत पाठवायला गेलो तर म्हणे पाकीट फोडलंय.

तापीकाठ
भो, इतला कुटाना कसाले? मिरजले फोन लाव, सतारवाले शेतस तठे.

नवापूरवाला
मिरजेचं काम सतार-तानपुऱ्याचं, व्हायोलिनची मान वेगळी. सागाचं म्हणाल तर आमच्याकडे सागाशिवाय बोलायचं नाही, तरी सांगतो, यात नको. सागात वाळूसारखी सिलिका असते, पटाशी सारखी बोथट होते. वर तेलकट, सरस नीट धरत नाही. शिवण घ्या.

रंधा_आणि_पटाशी
शिवण मऊ. क्रेमोनात १६व्या शतकापासून मेपलच वापरतात.

नवापूरवाला
क्रेमोनात शिवण उगवत असती तर बोलला असतात का?

सुतारपक्षी
भांडण चालू द्या, मी कामाचं सांगतो. खुंट्यांची भोकं ठोकळा चौकोनी असतानाच पाडा. बाजू कोरल्यावर गिरमिट काटकोनात धरताच येत नाही. आत्ता भोक लहान ठेवा, शेवटी १:३० उताराच्या रीमरने (भोक निमुळतं करायचं हत्यार) मोठं करा. जी आणि ई तारांच्या खुंट्या नटजवळ (तारा टेकतात ती वरची पट्टी), डी आणि ए च्या स्क्रोलकडे. पेगबॉक्सच्या भिंती वरच्या कडेला साधारण ५ मिमी राहू द्या, त्याहून बारीक केल्या तर खुंटी दाबताना तडकतात.
स्क्रोलला आधी पटाशी लावूच नका. वेटोळ्याभोवती करवतीने थोडं थोडं कापत पायऱ्या पाडा, मग पटाशीने त्या मोडा. वळणावर लाकडाच्या रेषांचा कल बदलतो, तिथे पटाशीची दिशाही बदला, नाहीतर ढलपी उडालीच. आखलेली मधली रेषा शेवटपर्यंत पुसू नका. पॉलिश पेपर नको, कडा मरतात. पोलादी पात्याने खरवडा.
पटाश्या दोन-तीनच पुरतात. गाडीच्या पाट्याचं पोलाद देऊन लोहाराकडून घडवून घ्या, उरलेल्या पैशात धार लावायला चांगला निसणा.

रंधा_आणि_पटाशी
लोहाराची पटाशी! असो.

पाचोरेकर
मांडी घालून वाजवता का? मग स्क्रोल पायाच्या घोट्याजवळ टेकतो. कडा किंचित मारा. माझ्या पायाला घट्टा पडलाय.

धुळेकर७१
लाकूड वाळलेलंच घ्या. जळगावच्या उन्हाळ्यात खुंट्या सरकतात, पावसाळ्यात अडकतात.

भुसावळ_जंक्शन
जळगावचं काय घेऊन बसलात, खरं ऊन भुसावळला.

चोपडा_एक्सप्रेस
सरकणाऱ्या खुंटीला खडू आणि कोरडा साबण.

सुतारपक्षी
आणि हो, आधी एक स्क्रोल कुठल्याही टाकाऊ लाकडात करून बघा.

पाचोरेकर
बरोबर. आधी सराव.

नवापूरवाला
+१. शिवणीवर.

अमळनेरचा_हौशी
सगळ्यांचे आभार. मेपलचा ठोकळा मागवला, बजेट तिथेच संपलं. पटाश्या शेजारच्या सुतारकाकांच्या मागून आणल्यात. सराव वगैरे करत नाही, तेवढा धीर नाही. भोकं मात्र आज पाडली, ठोकळा चौकोनी असतानाच.

सुतारपक्षी
निदान पटाश्यांना धार तरी लावा.

धुळेकर७१
खुंट्या एबनीच्या घ्याव्यात की शिसवीच्या? माझ्यासाठी विचारतोय, नवा धागा काढत नाही.