जीपचा फ्लोअर घरीच करायचा आहे, पत्रा वाकवायला काय घेऊ?

दारव्ह्याची जीप
नमस्कार मंडळी. बाबांची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, एक्सडीपी डिझेल इंजिनवाली. आधी जिनिंगला कापूस नेऊन नेऊन आणि मंग सहा पावसाळे गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी राहून फ्लोअर पार सडला, ड्रायव्हरच्या पायाखाली मूठ जाईल एवढं भोक पडलंय. इंजिन चालू आहे, चेसिस ठोकून पाहिली तं दणदणीत आहे. तालुक्यात डेंटिंगवाल्याला दाखवली तं तो म्हणे जुन्यावरच पत्रा चिकटवून देतो अन वरून लांबी म्हणजे पुट्टी मारतो, ते मला करायचं नाही. बाबांनी ही गाडी पोरासारखी जपली, मला ती नीट करून त्यांना तिच्यात बसवायचं आहे.

जिथं गंज नाही तिथं व्हर्नियरनं मोजलं तं पत्रा १.२ मिमी भरतो. फ्लोअरचे दोन तुकडे, खालच्या टोपीवाल्या (मध्ये उंच, दोन्ही कडेला ओठ) आडपट्ट्या तीन, आणि बारीक ब्रॅकेट असं काम आहे. घरी ५ इंची बेंच वाईस, ४ इंची ग्राइंडर आणि छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग आहे. बजेट फार तं १२ हजार. ऑनलाइन तीन प्रकार दिसतात, वाईसमध्ये बसवायची ६ इंची बेंडिंग जोडी, कापणं-वाकवणं-गोल करणं एकातच असलेलं थ्री-इन-वन मशीन, आणि काही लोक अँगलचं घरीच बनवतात. कशात पैसे घालू?

परतवाडा पत्राकाम
थ्री-इन-वन सोडा भाऊ. तुमच्या बजेटमध्ये आलंच तं १२ इंची येईल आणि तुमचा फ्लोअर तीन-साडेतीन फुटाचा, मंग त्याचा उपयोग काय. वाईसवाली जोडी वाईट नाही पण ती फक्त ब्रॅकेटची, ६ इंचाच्या वर गेलात की तुकड्या-तुकड्यानं वाकवावं लागते आणि प्रत्येक जोडावर पत्र्याला लाट येते, मंग ती लाट हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) बसवत बसा.

अँगलचं बनवा. मी माझ्या सीजे ३बी जीपसाठी बनवलं होतं, अजून चालते. ५० बाय ५० बाय ६ चे तीन अँगल, लांबी ३ फूट, एक टेबलाला पक्का, दुसरा कब्ज्यांवर (बिजागऱ्यांवर) फिरणारा, तिसरा वरून पत्रा दाबणारा. सगळी गंमत कब्ज्यात आहे. कब्ज्याची पिन बरोबर त्या रेघेत पाहिजे जिथं दोन अँगलच्या वरच्या धारा भेटतात, त्यासाठी दोन्ही अँगलला टोकाला खाच मारून कब्जा आत बसवावा लागते. पिन एक-दोन मिमी खाली राहिली की फिरणारा अँगल पत्र्यावर घासत जाते आणि घडी गोल येते. कब्जे आधी वेल्डिंगचे बारीक टाकेच मारून बसवा, फिरवून पाहा, मंग थोडं या टोकाला थोडं त्या टोकाला असं वेल्डिंग करा. एका दमात ओढलं तं अँगल धनुष्यासारखा होते आणि तो परत सरळ करणं म्हणजे फार डोकेदुखी.

वरच्या दाबपट्टीची धार ग्राइंडरनं तिरपी करून टोकाला अगदी बारीक गोलाई ठेवा, आणि घडीच्या रेघेपासून पत्र्याच्या जाडीएवढी मागं सरकवून कसा. दोन टोकाला जाड बोल्ट, मध्ये सी क्लॅम्प. पैसे कुठं घालायचे विचारता तं माझं मत इथंच, चार चांगले जाड सी क्लॅम्प घ्या. दाब कमी पडला की पत्रा आतून सरकते आणि माप गेलं.

वर्ध्याचा गडी
भाऊ काहाले एवढी खटपट करता? तुमच्या गावात कूलरवाला असनच ना, आपल्या विदर्भात घरटी कूलर हाये, त्याच्याकडं फोल्डिंग मशीन रायतेच. पावसाळ्यात तो रिकामाच बसून रायते, त्याले आपला पत्रा नेऊन देजा, रेघा मारून देजा, अर्ध्या घंट्यात करून देते. मी माह्या राजदूत फटफटीचे साईड पॅनल तसेच करून घेतले, एकदम सरळ घडी आली.

कपाटवाले काका, दिग्रस
वर्धेकर, तुमचं राजदूतचं काम झालं कारण ते पातळ असेल. कूलरवाल्याचं मशीन २४-२६ गेजसाठी असतं, गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. २४ गेज म्हणजे ०.५६ मिमी आणि यांचा पत्रा १.२ म्हणजे १८ गेज. जाडी दुप्पट झाली की वाकवायचा जोर दुप्पट नाही, चौपट लागतो, जाडीच्या वर्गानं वाढतो तो. इथं जाडी दुपटीच्याही वर आहे, म्हणजे साडेचार पटीच्या पुढं. त्या बिचाऱ्याच्या मशीनची पट्टी मधोमध वाकेल आणि उन्हाळ्यात त्याचा धंदा बसेल. तसं कोणाचं नुकसान करू नका.

त्यापेक्षा लोखंडी कपाट बनवणाऱ्याकडं जा. मी तीस वर्षं हेच केलं, आमच्याकडं १८ ते २२ गेज रोजचं काम. लांब सरळ घड्या तिथं मारून घ्या, घरी फक्त लहान कामाचं अवजार ठेवा.

आता परतवाड्याच्या भाऊंच्या अँगलबद्दल. ३ फुटात १८ गेज वाकवताना मधला भाग फुगतो, टोकाला घडी ९० ची आणि मध्ये ८० चीच राहते. त्यावर उपाय म्हणजे फिरणाऱ्या अँगलच्या आणि दाबपट्टीच्या पाठीवर ४० बाय ६ ची पट्टी उभी वेल्ड करायची, मध्ये थोडी जास्त उंच. एवढं केलं की ताठ होतं. आणि पत्रा थोडा परत उघडतो, म्हणून ९० पाहिजे तर ९२-९३ पर्यंत न्या. आधी त्याच पत्र्याच्या कात्रणावर करून पाहा, प्रत्येक पत्र्याचं वेगळं असतं.

मापाचं सांगतो, नवीन पोरं इथंच फसतात. बाहेरून २५ आणि २५ ची एल पाहिजे म्हणून ५० ची पट्टी कापली तर ती मोठी होते. १.२ मिमीला आतली गोलाई जाडीएवढी धरली तर प्रत्येक काटकोनी घडीला दोन-सव्वादोन मिमी कमी कापायचं. टोपीला चार घड्या, म्हणजे आठ-नऊ मिमीचा फरक, मग भोकं चेसिसच्या भोकांवर येतीलच कशी.

दारव्ह्याची जीप
काका, भाऊ, फारच कामाचं सांगितलं. दोन शंका. एक, टोपीची कोणती घडी आधी? मी पुठ्ठ्यावर करून पाहिली तं शेवटची घडी दाबपट्टीला अडते. दुसरं, फ्लोअरला जुन्या पत्र्यात उभ्या नाल्या आहेत त्या घरी कशा काढू? आणि हार्डवेअरवाला म्हणते जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा घ्या म्हणजे गंजणारच नाही.

परतवाडा पत्राकाम
पुठ्ठ्यावर केलं हे लय चांगलं केलं, मी आजही तसंच करतो. टोपीत आधी बाहेरच्या दोन ओठाच्या घड्या, मंग पत्रा पलटवून आतल्या दोन. तरी अडत असेल तं दाबपट्टी रुंद आहे, तिच्याऐवजी टोपीच्या आतल्या मापाची जाड पट्टी वापरा.

नाल्यांसाठी हाताचं बीडिंग मशीन असते पण एका फ्लोअरसाठी घेऊ नका. बाभळीच्या नाहीतर सागाच्या ओंडक्यात नालीच्या मापाची खाच काढा, पत्रा वर ठेवा, १२ मिमीची गुळगुळीत सळई ठेवून टोकापासून टोकापर्यंत हळूहळू ठोकत जा. एकाच जागी खोल करू नका, तीन-चार फेऱ्यांत उतरवा. आणि नाल्या आधी, कडेच्या घड्या नंतर! नाली पत्रा आत ओढते, म्हणून चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवा आणि नाल्या झाल्यावर माप मारून कापा. नाल्या टाळायचा विचारही करू नका, सपाट पत्रा डांबरी रस्त्यावरसुद्धा डबा वाजल्यासारखा वाजते.

जीआय नको, सीआर म्हणजे बिनजस्ताचा साधा कोल्ड रोल्ड पत्रा घ्या. जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघते, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येते, मला एकदा आला होता, उन्हाळ्यात गोधडी घेऊन पडलो होतो. सीआरचा ८ बाय ४ चा १.२ चा पत्रा २८ किलोच्या आसपास भरते, वजन करूनच घ्या. घडीच्या रेघा मार्करनं मारा, टोकदार खिळ्यानं नको, तिथूनच चीर आणि गंज सुरू होते. इन्व्हर्टरवर २ मिमीचा रॉड लावून कमी अँपिअरवर टाके-टाके मारत जा, आणि कामाची वेळ दुपारची धरा, संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं व्होल्टेज बसते.

कपाटवाले काका, दिग्रस
जाड ब्रॅकेटचं राहिलं. ३ मिमीचं ब्रॅकेट अँगलवर वाकवू नका, कब्जे उपटतील. १२ टनी बाटली जॅक चॅनलच्या चौकटीत बसवा, खाली २४ मिमीचा व्ही, वर गोल टोकाची पट्टी. ४ इंच रुंदीला अडीच टनाच्या आसपास जोर लागतो, जॅकला काहीच नाही. व्हीचं तोंड जाडीच्या आठपट एवढं लक्षात ठेवा.

वर्ध्याचा गडी
काका बरोबर हाये तुमचं, कूलरवाल्याचा इचार मी केलाच नव्हता. आता त्याच्याकडं फक्त पातळच नेईन.

दारव्ह्याची जीप
ठरलं मंग. फ्लोअरच्या लांब घड्या दिग्रसला काकांकडं, टोप्या आणि लहान घड्या घरच्या अँगलवर, ब्रॅकेट जॅकवर. मशीन काही घेत नाही, पैसे सी क्लॅम्प, जॅक आणि पत्र्यात घालतो. जुना फ्लोअर उद्या कापून काढू का?

परतवाडा पत्राकाम
थांबा, उद्या नको. आधी दोन्ही बाजूंच्या दरवाज्याच्या तोंडात एकेक आणि मागून एक आडवा असे अँगल टाके मारून बसवा, नाहीतर फ्लोअर निघाला की टब म्हणजे बॉडीचा सांगाडा फाकते आणि नवीन पत्रा कितीही मापाचा केला तरी बसत नाही. बॉडीच्या सगळ्या बोल्टच्या भोकांची मापं तिरपी पण घ्या आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. चेसिस नंबर ठोकलाय तिथं ग्राइंडर नेऊच नका. कापायचा तोही एका वेळी एकच बाजू, डावी बसली की मंग उजवी.