होमस्टेला येणारी जोडपी बघून स्वतःच्या संसाराचा राग येतो, असं कोणाचं होतं का?

पोफळीखाली:
दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. लग्नाला ११ वर्षं झाली. आता शनिवार-रविवार दुसऱ्यांची सुखी जोडपी बघायची हाच धंदा म्हटल्यावर करणार काय. परवा पुण्याचं एक कपल आलं होतं, तो तिला सुरमईचे काटे काढून देत होता आणि मी सोलकढीचा जग घेऊन बाजूला उभी, इतकं भरून आलं की आत जाऊन गरज नसताना नारळ खवत बसले.

आमचं बोलणं म्हणजे "तीन नंबरला चहा", "गिझर लाव", "गॅस आला का". ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली, पोफळी, नारळ सगळं, छपराचे पत्रे शेजारच्यांच्या आगरात सापडले. मग लोन काढून खोल्या बांधल्या आणि तेव्हापासून हा माणूस जो हिशोबाच्या वहीत शिरलाय तो बाहेर आलेला नाही. नवीन पोफळी लावल्यात पण त्यांना धरायला वर्षं जातात, हप्ता काय तोवर थांबतो? दारू, मारहाण असलं काही नाही हो. जाऊबाई रोज नवऱ्यासोबतचं स्टेटस टाकतात ते वेगळंच. आमचंच बिनसलंय की सगळ्यांचं असंच असतं?

ताम्हिणीमार्गे:
ताई, सुरमईला मधला काटा सोडला तर काढायला काटे असतात किती? तो गडी कसलं तरी प्रायश्चित्त घेत होता बघा 😀

आता खरं सांगतो. आम्ही पण हर्णैला असेच राहिलो होतो. पुण्यापासून घाटापर्यंत पैशांवरून भांडण, बायको चालत्या गाडीचं दार उघडायला निघालेली. गेटवर उतरलो आणि दोघं एकदम गोड! होमस्टेच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागेल हो जोड्याला. चार महिन्यांत वेगळे झालो, म्युच्युअल घटस्फोटाचा अर्ज करायच्या आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं ते पण झालं. त्या ट्रिपचे फोटो अजून लोक लाईक करतात.

कुडाळची आजी (नात टाईप करताहा):
बाये, माझो घोव मुंबैक गिरणीत होतो. गणपतीक नि शिमग्याक येय, येताना साडी हाडी, सगळी वाडी म्हणी काय नशीब गो तुजा. ८२ च्या संपात कायमचो घराक इलो तेवा समाजला, आमका एकमेकांवांगडा बोलाकच येयत नाय. दोन वर्सां भांडलव. मगे जमला. तुजो घोव जेवता खय, तुज्या वांगडा का पावण्यांचा आटापल्यार एकटोच?

बिनपगारी सायकॉलॉजी:
लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलंय की मोजायला पट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघतो, आणि शक्यतो आपल्यासारख्यांशीच. तुमचे पाहुणे तुमच्यासारखे आहेत कुठे? दोन दिवस सुट्टी, आयतं जेवण, भांडी तुम्ही घासणार. जाऊबाईंचं स्टेटस पण चोवीस तासांत गायब होतं, ते राहू दे. मला मात्र नवऱ्याची काळजी वाटतेय. कर्जापायी गप्प झालेला माणूस प्रेम आटलं म्हणूनच गप्प असतो असं नाही, झोप वगैरे उडालीय का त्याची? दोघांपैकी कोणालाही फारच जड वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री पण.

पोफळीखाली:
आजी, तुम्ही बरोबर धरलंत, तो नंतर ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो. आणि मी तोवर चादरी घालत असते.

काल पाहुणे झोपल्यावर वही मागितली. देईना. ओढूनच घेतली. अजून ३१ हप्ते बाकी आहेत आणि मधे दोनदा त्याने मित्राकडून उसने घेऊन भरलेत, मला पत्ताच नाही! म्हणे तुला टेन्शन नको म्हणून. मग जी सुरू झाले ती वादळापासूनचं सगळं काढलं, तो पण पहिल्यांदाच ओरडला, मी रडले, तो रडला, दोन वाजता चहा केला.

एक नंबरवाल्यांना सगळं ऐकू गेलं असणार, मधे नुसती पत्र्याची पार्टिशन आहे. सकाळी आंबोळ्या न खाताच चेकआउट करून गेले. आता रिव्ह्यूत काय लिहितात देव जाणे.