मदत हवी आहे: टाउन्स व्हॅन झँटची रेकॉर्डिंग्ज

नमस्कार मंडळी,

टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये १९४४ साली जन्मलेल्या या गायकाने मला पार झपाटलंय. ‘पांचो अँड लेफ्टी’ हे त्याचंच गाणं, पण १९८३मध्ये ते अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या गायकांनी. हे मला अजून लागून राहिलंय. तो गेला १ जानेवारी १९९७ला. त्याचा आदर्श, कंट्री गायक हँक विल्यम्सही १ जानेवारीलाच गेला होता, १९५३ साली.

१९६८च्या पहिल्या अल्बममध्ये वाद्यांची इतकी गर्दी आहे की शब्द बुडतात. त्यातली काही गाणी त्याने १९६९मध्ये पुन्हा साधेपणाने गायली. माझा जीव मात्र ह्यूस्टनच्या ‘ओल्ड क्वार्टर’ या छोट्या क्लबमधल्या मैफलीत अडकलाय. जुलै १९७३चं रेकॉर्डिंग, आलं १९७७ला. एकटा माणूस, एक गिटार.

तर, या मैफलीची जुनी डबल एलपी पुण्या-मुंबईत कुठे मिळेल का? आणि त्याचं बोटांनी तारा छेडणं कुणी शिकलंय का? माझा अंगठा खर्जाच्या तारेवर लय धरतो, पण गायला लागलो की लगेच अडखळतो. आधी काय पक्कं करू?